नॉर्दर्न डान्सर : पेडिग्रीची खालची ओळ

पागेकर

रेसच्या घोड्याची पेडिग्री, म्हणजे वंशावळ, छापतात तेव्हा वरच्या अर्ध्यात बापाकडची मंडळी असतात आणि खालच्या अर्ध्यात आईकडची. पुण्याला किंवा महालक्ष्मीला दोन शर्यतींच्या मधे पुस्तक चाळणारा माणूस वरचं वाचतो आणि पान उलटतो. "अमक्याचा मुलगा आहे, लांबचं पळेल," एवढ्यावर निकाल. नॉर्दर्न डान्सर या कॅनेडियन घोड्याचं नावही जगभर या वरच्या ओळीमुळेच घेतलं जातं. माझं म्हणणं असं की त्याची गोष्ट खालच्या ओळीतून वाचली तरच उलगडते. त्यासाठीच हा धागा.

सुरुवात त्याच्या आईपासून. नताल्मा ही नेटिव्ह डान्सरची मुलगी, कॅनडाचे उद्योगपती ई. पी. टेलर यांची घोडी. १९५९ साली साराटोगाला स्पिनअवे स्टेक्समध्ये ती पहिली आली, पण शेवटच्या टप्प्यात चाबूक बसताच आत वळली, दुसरीच्या आड आली आणि पहिला नंबर काढून घेतला गेला. पुढच्या वर्षी केंटकी ओक्सच्या तोंडावर तिचा गुडघा गेला. आता काय करायचं? घोड्या फळवायचा हंगाम संपत आला होता, आणखी एक वर्ष थांबणं रीतीला धरून झालं असतं. टेलर थांबले नाहीत. जूनमध्ये तिला निअर्क्टिक दाखवला. तो त्यांचाच घोडा, स्टडवर (पैदाशीसाठी) नुकताच आलेला.

२७ मे १९६१ रोजी ओंटारियोतल्या ओशावाला, टेलरांच्या विंडफील्ड्स फार्मवर शिंगरू झालं, तोच नॉर्दर्न डान्सर. थरोब्रेडचा (रेसच्या घोड्यांची ही जात) वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीला धरतात, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत हे पोर चार महिने मागे. त्यात बुटकं. छाती भरलेली, पाय आखूड. टेलर दरवर्षी आपली वर्षाची शिंगरं किंमत ठरवून विकायला काढत. १९६२ साली याची किंमत लावली २५,००० डॉलर. एकही गिऱ्हाईक पुढे आलं नाही.

म्हणून तो घरीच राहिला. स्वभाव इतका कडक की ट्रेनर होरेशियो लुरो त्याला खच्ची करा म्हणून मागे लागले होते. टेलरनी नकार दिला. त्या एका नकाराचं मोल किती, हे पुढच्या साठ वर्षांच्या शर्यतींनी दाखवलंय.

पळण्याचा हिशोब थोडक्यात: १८ शर्यती, १४ वेळा पहिला, दोनदा दुसरा, दोनदा तिसरा. १९६४च्या केंटकी डर्बीआधी जॉकी विली शूमेकरने त्याला सोडून हिल राइज निवडला, म्हणून खोगिरावर बिल हार्टॅक बसला. सरळ रेषेत हिल राइज लांब टांगा टाकत जवळ येत होता आणि हा बुटका भराभर पावलं उचलत होता. मानेच्या अंतराने जिंकला. वेळ बरोबर दोन मिनिटं, तेव्हाचा विक्रम. तो मोडायला १९७३ साली सेक्रेटेरिएट यावा लागला. कॅनडात जन्मलेल्या घोड्याने ही डर्बी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढे प्रीकनेस जिंकली, बेलमॉन्टला तिसरा आला, घरी वुडबाइनला क्वीन्स प्लेट सात लेंग्थहून जास्त फरकाने मारली. मग पायाचं टेंडन गेलं आणि पळणं थांबलं.

१९६५ला स्टडवर आला तेव्हा एका घोडीमागे फी १०,००० डॉलर होती. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

दुसऱ्याच खेपेत, म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या शिंगरांत, निजिन्स्की झाला. ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन आयर्लंडहून कॅनडात आले होते ते रिबो नावाच्या घोड्याचा एक मुलगा बघायला. तो पसंत पडला नाही, हा पडला. १९६८च्या लिलावात तो ८४,००० डॉलरला गेला. आयर्लंडला पोचल्यावर तो ओट्सला तोंड लावेना. विंडफील्ड्सवर त्याला दाबून गोळ्या केलेल्या खुराकाची सवय होती. ओब्रायननी कॅनडाहून तोच खुराक मागवला आणि तो येईपर्यंत साहेब ओट्स खायला लागले होते! १९७० साली त्याने टू थाउजंड गिनीज, एप्समची डर्बी आणि सेंट लेजर अशा तिन्ही मारल्या. इंग्लंडची ती ट्रिपल क्राउन त्यानंतर आजतागायत कोणाला जमलेली नाही.

आता खालची ओळ बघा. निजिन्स्कीची आई फ्लेमिंग पेज, स्वतः १९६२ची क्वीन्स प्लेट विजेती. तिची मुलगी फ्लर. फ्लर आणि नॉर्दर्न डान्सर यांचा मुलगा द मिन्स्ट्रेल, १९७७चा एप्सम डर्बी विजेता. म्हणजे एकाच घोडीचा मुलगा आणि नातू, दोघांनी डर्बी मारली.

दुसरी अशीच घोडी स्पेशल. ती न्युरेयेवची आई आणि सॅडलर्स वेल्सची आजी, आणि दोघांचा बाप नॉर्दर्न डान्सर. सॅडलर्स वेल्स ब्रिटन-आयर्लंडमध्ये चौदा वेळा अव्वल सायर (ज्याच्या पोरांनी त्या वर्षी सर्वांत जास्त बक्षिसं मिळवली असा बाप) ठरला. त्याचा मुलगा गॅलिलिओ बारा वेळा.

याला निव्वळ बापाची करामत म्हणायला माझं मन घेत नाही. जाणकारांनी लिहा.

---

सातारकरीण

फार सुंदर लिहिलंय. घोड्यांतलं मला काही कळत नाही, पण एका बैठकीत वाचलं. एक बाळबोध प्रश्न: आमच्याकडे गाईंना रेतन सर्रास करतात, एका वळूची हजारो वासरं होतात. मग या घोड्याची एवढी फी देऊन घोड्या प्रत्यक्ष कॅनडाला का न्यायच्या?

---

खूर_आणि_नाल

@सातारकरीण, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, सगळ्या अर्थकारणाचं मूळ तिथेच आहे. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा-घोडीचा प्रत्यक्ष संबंध झालाच पाहिजे, नाहीतर शिंगराची स्टड बुकात नोंद होत नाही आणि नोंद नाही तर ते रेसला उतरू शकत नाही. जगभर हाच नियम. आपल्याकडे ही नोंद ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया पुण्यातच आहे. आता आई-बापाची खात्री डीएनए तपासून होते.

त्यामुळे एक घोडा एका हंगामात किती घोड्या घेणार याला शरीराचीच मर्यादा आहे. नॉर्दर्न डान्सर बुटका, घोड्या उंच. त्याला पुढे अमेरिकेत मेरीलँडला ठेवलं होतं, तिथे त्याच्यासाठी जमिनीवर उंचवटा करून घेतला होता, त्यावर उभा राहिल्याशिवाय त्याचं जमत नसे. (मी पशुवैद्य आहे, तेव्हा हे तपशील मला गैर वाटत नाहीत. कोणाला वाटले तर माफ करा.)

---

आकडेमोड

लेख आवडला, पण एक शंका. घोडा एकदा नावारूपाला आला की त्याच्याकडे जगातल्या सर्वोत्तम घोड्या येतात. मग पोरं चांगली निघणारच. यात रक्त किती आणि पैसा किती? १९८०च्या दशकात त्याची फी पाच लाख डॉलरच्या घरात होती आणि पुढे दहा लाखांपर्यंत गेली असं वाचलंय, तेही शिंगरू होईल याची हमी न देता. त्या पैशात आलेल्या घोड्या काय साध्या असणार?

---

पागेकर

@आकडेमोड, शंका रास्त आहे, पण क्रम बघा. पहिल्या खेपेला ओशावाला आलेल्या घोड्या बहुतेक कॅनडातल्याच होत्या. त्या खेपेत २१ शिंगरं झाली आणि त्यांतली १० स्टेक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या शर्यती, जिंकणारी निघाली. तेव्हा ना आयर्लंडच्या कूलमोर स्टडचा पसारा होता, ना अरब शेख लिलावात उतरले होते. विंडफील्ड्सने त्याला मेरीलँडला हलवलं ते १९६८च्या शेवटी. पैसा नंतर आला, आणि या निकालांमुळेच आला.

आयुष्यभरात त्याची जेमतेम साडेसहाशे शिंगरं झाली. त्यांत स्टेक्स विजेते १४०हून जास्त, म्हणजे पाचातलं एक. आजचे लोकप्रिय घोडे एवढी शिंगरं चार-पाच वर्षांत देतात.

पैशाने काय होत नाही याचंही उदाहरण त्याच्याच घरात आहे. १९८३ साली कीनलंडच्या जुलै लिलावात त्याचा एक मुलगा १ कोटी २ लाख डॉलरला गेला. दुबईचे शेख मोहम्मद आणि ब्रिटिश घोडेमालक रॉबर्ट सँगस्टरची मंडळी एकमेकांवर बोली चढवत गेली आणि घोडा शेवटी शेखांकडे आला. स्नाफी डान्सर त्याचं नाव. तो एकही शर्यत पळाला नाही. स्टडवर ठेवला तर तिथेही जवळपास निष्फळ. बाप तोच होता.

उलट त्याचाच दुसरा मुलगा डॅन्झिग बघा. तीन शर्यती पळाला, तिन्ही जिंकल्या, गुडघ्यामुळे घरी बसला. आणि त्याची शाखा आज सॅडलर्स वेल्सच्या तोडीस तोड आहे.

---

ओशावाकर

मूळचा कोल्हापूरचा, गेली बरीच वर्षं टोरांटोच्या पूर्वेला राहतो. हा धागा वाचून लॉग-इन झालो.

विंडफील्ड्स फार्म आता उरलेलं नाही. २००९ला ते बंद झालं आणि त्या जमिनीवर ओंटारियो टेक विद्यापीठाचा विस्तार आणि वसाहती उभ्या राहिल्या. नॉर्दर्न डान्सर १६ नोव्हेंबर १९९०ला मेरीलँडमध्ये गेला, त्याला ट्रकने रातोरात इकडे आणून जन्मगावी पुरलं. कबर अजून आहे. आजूबाजूला घरं विकत घेणाऱ्या आपल्याच कित्येक मराठी कुटुंबांना शेजारी कोण आहे हे ठाऊक नाही, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. नव्या दुकानांच्या संकुलालाही विंडफील्ड्स हेच नाव आहे, पण नाव कशाचं ते विचारणारा विरळा.

वुडबाइनला त्याचा पुतळा आहे. पोरांना घेऊन गेलो होतो. पुतळ्यापाशी उभं राहिलं की त्याच्या बांध्याची कल्पना येते: मागचे पुठ्ठे प्रचंड, मान जाड, आणि उंची बघून अंगणात खेळवावासा वाटावा असा. जेमतेम साडेपंधरा हात (घोड्याच्या मापातला हात म्हणजे चार इंच).

---

महालक्ष्मी_स्टँड

भारताचा संबंध कोणी काढला नाही म्हणून लिहितो. रझीन!

नॉर्दर्न डान्सरच्या शेवटच्या खेपांपैकी एक, १९८७चा. इंग्लंडला ट्रेनर हेन्री सेसिलकडे होता. १९९०च्या एप्सम डर्बीला फेव्हरिट म्हणून उतरला आणि पार मागे पडला. तिकडच्यांच्या लेखी संपला. मग तो हरियाणात उषा स्टडला आला आणि इथे वर्षानुवर्षं अव्वल सायर राहिला. महालक्ष्मीला इंडियन डर्बीच्या दिवशी, फेब्रुवारीतल्या त्या रविवारी, पॅडॉकमध्ये रझीनची पोरं फिरताना पाहिलेली माझ्या पिढीची माणसं आजही त्याचं नाव आदराने घेतात. बापाचा बापही नाही, खुद्द नॉर्दर्न डान्सरचा सख्खा मुलगा आपल्या देशात होता. आज आपल्याकडच्या घोड्यांच्या आजोळी डोकावलं की तो हमखास भेटतो.

माझे वडील स्टँडवर बाजूला बसवून सांगायचे, "घोडा चालताना मागचा पाय पुढच्याच्या खुणेच्या पुढे पडतो का बघ." रझीनच्या पोरांचा पडायचा.

---

सातारकरीण

@महालक्ष्मी_स्टँड, काका, शेवटची ओळ फार आवडली. आता आणखी एक विचारते. फ्रँकेल नावाच्या घोड्याबद्दल वाचताना "३×४ नॉर्दर्न डान्सर" असं दिसलं. ही काय भानगड?

---

पागेकर

ताई, पेडिग्रीत एकच पूर्वज बापाच्या बाजूलाही असेल आणि आईच्याही, तर तो कितव्या पिढीत येतो हे असं लिहितात. आधी बापाची बाजू, मग आईची.

फ्रँकेलचा बाप गॅलिलिओ, त्याचा बाप सॅडलर्स वेल्स, त्याचा नॉर्दर्न डान्सर. तिसरी पिढी. आई काइंड, तिचा बाप डेनहिल, त्याचा डॅन्झिग, त्याचा नॉर्दर्न डान्सर. चौथी पिढी. म्हणून ३×४. फ्रँकेल १४ शर्यती पळाला आणि १४ जिंकला, त्यामुळे या गणिताला सगळ्यांनीच डोक्यावर घेतलं.

पण डेनहिलचीच पेडिग्री उघडा. त्याची आई रझ्याना, तिची आई स्प्रिंग अडू, आणि तिची आई… नताल्मा! वर डॅन्झिगकडूनही तिसऱ्या पिढीत नताल्माच. म्हणजे डेनहिल ३×३ नताल्मा. ऑस्ट्रेलियात नऊ वेळा अव्वल सायर ठरलेल्या घोड्यात दोन्ही बाजूंनी तीच गुडघा गेलेली घोडी बसली आहे.

जपानात तर कमालच आहे. नॉर्दर्न टेस्ट तिथे दहा वेळा अव्वल सायर. तो नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, आणि त्याच्या आईकडे दुसऱ्या पिढीत लेडी अँजेला आहे, म्हणजे निअर्क्टिकची आई. टेलरनी तिला १९५२ साली न्यूमार्केटला घेतलं तेव्हा ती निअर्कोपासून गाभण होती. कॅनडाला आणण्याआधी तिला पुन्हा निअर्कोलाच दाखवायचं, हे त्यांनी सौद्यातच ठरवून घेतलं. त्या दुसऱ्या खेपेचा निअर्क्टिक. नॉर्दर्न टेस्टनंतर जपानवर राज्य केलं संडे सायलेन्सने. त्याचा बाप हॅलो. हॅलोची आजी अल्माहमूद. आणि नताल्माची आई कोण? अल्माहमूदच. वरच्या ओळी वेगळ्या असल्याने लोक यांना दोन प्रतिस्पर्धी घराणी म्हणतात. खाली बघा, दोघांचं आजोळ एक.

---

खूर_आणि_नाल

पागेकर, तुमच्या खालच्या ओळीला शास्त्राचाही आधार आहे. घोडा आपल्या मुलाला वाय गुणसूत्र देतो, आणि त्यावर जीन्स फार थोडे असतात. मुलाचं एक्स येतं फक्त आईकडून. नॉर्दर्न डान्सरचं एक्स पूर्णपणे नताल्माचं, आणि तो ते देणार फक्त मुलींना. म्हणजे सॅडलर्स वेल्सकडे बापाचं एक्स मुळीच आलेलं नाही. स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनएही फक्त आईकडूनच येतो. बाकीची गुणसूत्रं दोघांची निम्मी निम्मी. "घराणं बापाचं" ही लिहिण्याची सोय आहे, निसर्ग तसा हिशोब ठेवत नाही.

वेगाबद्दल एक गोष्ट. मायोस्टॅटिन नावाच्या जीनचे दोन प्रकार असतात, एक कमी अंतराच्या वेगाला पोषक, दुसरा लांब पल्ल्याला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगाच्या प्रकाराचा माग थरोब्रेडच्या सुरुवातीच्या काळातल्या एका ब्रिटिश घोडीपर्यंत लागला. आणि आधुनिक घोड्यांत तो पसरवण्याचं मोठं काम केलं निअर्क्टिक आणि नॉर्दर्न डान्सरने. म्हणजे इथेही मुळाशी घोडीच.

आता काळजीचं. २०२० साली दहा हजारांहून जास्त थरोब्रेडच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९७ टक्के घोड्यांच्या पेडिग्रीत नॉर्दर्न डान्सर होता. युरोपात ३५ टक्क्यांत सॅडलर्स वेल्स, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ५५ टक्क्यांत डेनहिल. आणि गेल्या काही दशकांत आप्तसंकर, म्हणजे नात्यातल्या नात्यात पैदास, सतत वाढतोय. बुकातली घोड्यांची संख्या वाढत असली तरी आतलं वैविध्य आटतंय. एखादा दोष लपून बसला असेल तर तो दोन्हीकडून येऊन उघडा पडण्याची शक्यता दर पिढीला वाढते. माझ्या टेबलावर येणाऱ्या घोड्यांकडे बघताना हे माझ्या डोक्यातून जात नाही.

---

आकडेमोड

हे वाचून बाजू बदलली नाही, पण विचार बदलला. मग अमेरिकेत एका घोड्यामागे वर्षाला १४० माद्यांची मर्यादा आणली होती तिचं काय झालं?

---

खूर_आणि_नाल

तिथल्या जॉकी क्लबने (तिथलं स्टड बुक ठेवणारी संस्था) २०२०मध्ये आणि त्यानंतर जन्मलेल्या घोड्यांसाठी तो नियम केला होता. मोठे स्टड कोर्टात गेले आणि २०२२ला नियम मागे घेतला गेला. माझ्या मते ती मर्यादा हवी होती. आता तर एकच घोडा उत्तर गोलार्धाचा हंगाम संपला की विमानाने ऑस्ट्रेलियाला जातो आणि तिथला हंगामही करतो. डेनहिलपासून हे मोठ्या प्रमाणावर रूढ झालं. पूर्वी समुद्र आडवा यायचा, तो अडसर गेला.

---

महालक्ष्मी_स्टँड

आणि आपल्याकडे? रझीनच्या मुली-नातींना पुन्हा डॅन्झिग किंवा सॅडलर्स वेल्सच्या शाखेचाच घोडा दाखवतात. बाहेरून आणलेल्या दुसऱ्या कुठल्याही घोड्याकडे बघायचं म्हटलं तरी त्याच्या आईकडे नॉर्दर्न डान्सर निघतोच. पळवाट कुठली?

---

पागेकर

काका, पूर्ण पळवाट नाही, पण वाव आहे. नेटिव्ह डान्सरच्या मुलाची, रेझ अ नेटिव्हची शाखा मिस्टर प्रॉस्पेक्टरमार्गे पसरली, तिचे घोडे मिळतात. अर्थात नेटिव्ह डान्सर म्हणजे नताल्माचाच बाप, शिवाय तो आणि निअर्को दोघंही वर फॅलेरिसला जाऊन मिळतात. तेव्हा ते परके नसून जरा लांबचे भाऊबंदच.

म्हणून माझा आग्रह घोड्यांबद्दल आहेच, पण घोड्यांपेक्षा जास्त घोड्यांच्या आयांबद्दल आहे. आपल्याकडच्या जुन्या स्टडवर अशी मादी घराणी आहेत जी रझीन यायच्या कितीतरी आधीपासून इथे पळताहेत. फॅशन गेली म्हणून त्यांतल्या घोड्या विकल्या जातात किंवा फळवायच्याच बंद होतात. एक घराणं असं तुटलं की ते कुठल्याही लिलावात परत विकत मिळत नाही.

कोणाकडे जुनी स्टड बुकं किंवा १९६०-७०च्या दशकातली मुंबई-पुण्याची रेस पुस्तकं असतील तर कृपया इथे लिहा. खालच्या ओळीतल्या घोड्यांची नावं, त्यांच्या मुली कुठे गेल्या, आज त्यांच्यातलं कोण पळतंय, एवढं जरी जमवता आलं तरी आपण या धाग्यावरच यादी करू. मी माझ्याकडच्या पुस्तकांपासून सुरुवात करतो, पहिली दहा नावं रविवारपर्यंत टाकतो.

---

ओशावाकर

वडिलांचा एक ट्रंकभर साठा कोल्हापूरला आहे. भावाला फोटो काढून पाठवायला सांगितलंय.